मागची सीट

मोटरसायकलची तक्रार घेऊन माणूस कधी एकटा येत नाही. सोबत मेहुणा असतो, नाहीतर मित्र, नाहीतर शेजारचा कोणी गाड्यांमधला जाणकार. मालक तक्रार सांगायला तोंड उघडतो आणि मेहुणा निदान करून मोकळा होतो. मालक म्हणतो, गाडी थरथरते. मेहुणा म्हणतो, इंजिनच बदलून द्या. मग मी मेहुण्याला चहाच्या मशीनकडे पाठवते आणि मालकाला म्हणते, "चला, चावी घ्या. तुम्ही चालवा, मी मागे बसते."

ही माझी पद्धत. म्हणजे माझ्या आधी या खुर्चीवर असलेल्या सरांची, पण मी ती इतकी वर्षं वापरली आहे की आता माझीच म्हणायला हरकत नाही. मोटरसायकली बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार तपासणी विभागात मी इंजिनीअर आहे. मालक म्हणतो गाडीत दोष आहे, कंपनी म्हणते मालकात दोष आहे, आणि दोघांच्या मध्ये मी. अशा वेळी मालकाच्या मागे बसून थोडं फिरलं की खरं काय ते कळतं. क्लच सोडतानाचा हिसका, वळणावर मागच्या चाकाची कुरबुर, सगळं मागच्या सीटवर बसलेल्याला आधी जाणवतं. या पद्धतीचा मला अभिमान होता.

आमची शेड लांबच लांब आहे. वर पत्रे, भिंतींच्या वरच्या अंगाला काचा, खाली धुऊन धुऊन गुळगुळीत झालेली फरशी. तेल, रबर आणि हात धुवायचा साबण यांचा मिळून एक वास असतो, तो घरी गेल्यावरही केसांतून जात नाही. मागच्या दारात जमिनीत बसवलेला वजनकाटा आहे आणि त्याची मोठी तबकडी भिंतीवर. दाराबाहेर चाचणीचा गोल रस्ता. तिकडे जाणारी-येणारी प्रत्येक गाडी माणसांसकट काट्यावर उभी राहते, कारण शॉकअपच्या निम्म्या तक्रारी गाडीच्या नसतात, बसणाऱ्यांच्या असतात. काट्यावर आलं की भलेभले पोट आत घेतात. "श्वास सोडा साहेब, काट्याला सगळं कळतं," असं आमचा मुख्य मेकॅनिक ओरडतो आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवतो.

या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटून ऐकतो, म्हणून. बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. मी त्याला वयाने मोठी, म्हणून मी ताई.

ती आली तेव्हा एकटी आली. पायात पांढरे बूट, खांद्याला औषधांची बॅग, हातात हेल्मेट. पंचविशीची असेल. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची शुश्रूषा करणारी नर्स होती.

"डॉक्टरकडे नर्स आली ताई," डॉक्टर म्हणाला. "गाडी आता बरी झाल्याशिवाय राहत नाही."

ती हसली, पण पुरती नाही. "गाडी आपोआप हळू होते," ती म्हणाली.

"बंद पडते?"

"नाही. नुसती हळू होते. कोणी सांगितल्यासारखी."

"झटका देऊन?"

"नाही हो मॅडम. अगदी अलगद." मग तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मला टेकडीवरच्या वस्तीत जावं लागतं. उतरताना मागे ट्रक असतात. मी चांगल्या वेगात असते आणि गाडी मध्येच हळू होते. एखाद्या ट्रकवाल्याला नाही आवरलं तर? घरी आई एकटी आहे. माझ्याशिवाय तिला कोणी नाही."

चालत्या गाडीची ताकद मालकाच्या इच्छेविरुद्ध कमी होणं, ही आमच्याकडे गंभीर तक्रार समजतात. मी तिला चावी दिली आणि मागे बसले. काट्यावर डॉक्टरने आम्हा दोघींचं वजन गावाला ऐकू जाईल असं वाचलं. आम्ही चाचणीच्या रस्त्यावर फिरलो, मग बाहेरच्या रस्त्यावर, मग टेकडीच्या उतारावर. पोरगी गाडी फार छान चालवत होती. समोरचं दूरवरचं बघून, घाई न करता. गाडी एकदाही हळू झाली नाही.

डॉक्टरने इंजिन ऐकलं, पेट्रोलची नळी पाहिली, वायरी तपासल्या. गाडीला आम्ही एक छोटं यंत्र जोडलं, रेस किती दिली आणि कोणी कमी केली ते नोंदवणारं, आणि ती तशीच तिला वापरायला दिली. थोड्या दिवसांनी ती परत आली. रस्त्यात अनेकदा गाडी हळू झाली होती. यंत्राचं म्हणणं साधं होतं: प्रत्येक वेळी रेस हातानेच कमी केलेली आहे.

"म्हणजे मीच?" तिने विचारलं.

"सवय असते," मी समजुतीने म्हणाले. "आपल्याला कळत नाही, हात करून मोकळा होतो."

"मॅडम, मी रोज लोकांच्या शिरेत सुई घालते. माझा हात काय करतो ते मला कळत नाही?"

याचं उत्तर आमच्या साहेबांकडे होतं. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या टेबलावर तक्रारींचा ढीग असतो. पुन्हा एकदा तपासा, ते म्हणाले, आणि काही नाही सापडलं तर 'दोष आढळला नाही' म्हणून तक्रार बंद करा. त्यानंतर ती मुलगी ट्रकखाली आली तरी कंपनीच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला असणार होता. मला ते फार लागलं. का कोण जाणे, त्या पोरीने माझ्या मनात घर केलं होतं. तोवर मी तिला अगंतुगं करायला लागले होते, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

त्या दिवशी तिला टेकडीवर एका म्हाताऱ्या बाईंच्या जखमेची पट्टी बदलायला जायचं होतं. गाडी मला शेवटच्या तपासणीसाठी ठेवून घ्यायची होती. "चल, मी सोडते तुला," मी म्हणाले. वर जाताना मी चालवली, ती मागे बसली. पेशंटच्या दारात ती उतरली. मी सवयीने मागचे दोन्ही फूटरेस्ट पायाने मिटले आणि परत निघाले. भर दुपार होती. रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, अंगाला वारा बरा लागत होता.

मी वेगात चालवते, हे इथे सांगायला हवं. आमचे हे म्हणतात, तू घरी येत नाहीस, येऊन आदळतेस. कंपनी आम्हा इंजिनीअरांना बाजारात यायच्या आधीच नव्या गाड्या वापरायला देते. तशीच एक माझ्याकडे असते आणि तिच्या वेगाचा काटा मी कधी खाली राहू देत नाही.

उतार सुरू झाला आणि गाडीचं मागचं अंग खाली बसलं.

माझं निम्मं आयुष्य मागच्या सीटवर वाळूची पोती बांधून गाड्या पळवण्यात गेलं आहे. मागे वजन आलं की हँडल किती हलकं होतं, ते माझ्या हातांना कळतं. आणि पोतं कुठलं, माणूस कुठला, तेही कळतं. पोतं वळणावर ओढतं. माणूस आपल्याबरोबर कलतो. माझ्या मागे जे होतं ते कलत होतं, नेमकं माझ्याइतकं, गाडीवर बसायची सवय असलेल्या माणसासारखं.

मी आरशात पाहिलं. रस्ता, झाडं, ऊन.

मग माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली. दुखेल अशी नाहीत, दचकायला होईल अशीही नाहीत. वर्गात बाई पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवतात, तशी. आणि रेस कमी करायला माझं उजवं मनगट पुढे फिरलं. मी फिरवलं नाही. हात माझाच होता, जोरही माझाच होता, फक्त ठरवणारी मी नव्हते.

गाडी अलगद हळू झाली. पुढचं वळण मी जवळजवळ चालण्याच्या वेगाने घेतलं. वळणाच्या पलीकडे पाण्याचा एक टँकर रस्ता अडवून उभा होता. टायर पंक्चर झालेला, चालक खाली वाकलेला. माझ्या नेहमीच्या वेगात असते, तर मला पुढचा ब्रेक कचकन दाबावा लागला असता.

मी बाजूला थांबले. टँकरवाला म्हणाला, "बाई, पाणी हवंय का?" माझा चेहरा तसा दिसत असणार. मी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती. दोन्ही फूटरेस्ट उघडे होते.

शेडमध्ये आल्यावर मी कोणाला काही बोलले नाही. डॉक्टरला मागे बसवून फिरले, काही झालं नाही. त्याला उतरवून एकटी फिरले. फूटरेस्ट मिटलेले होते, आले तेव्हा उघडे होते. गाडी उताराच्या तोंडाशी हळू झाली होती. साधी गोष्ट होती आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती. मागची सीट भरलेली असली की हा दोष दिसत नाही. आणि मी इतकी वर्षं प्रत्येक तक्रार मागच्या सीटवर बसूनच तपासत आले होते.

मी फरशीवर फतकल मारून त्या गाडीसमोर बसले. घाबरलेल्या माणसाने काहीतरी हाताळत राहावं, म्हणून मी पुढच्या चाकाची डिस्क पुसायला घेतली. ती चकचकीत होती. ब्रेक पॅड पाहिले. कोरे करकरीत. रोज टेकडी चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीचे पुढचे पॅड झिजले नव्हते. ज्या ज्या जागी पोरीला पुढचा ब्रेक जोरात दाबावा लागला असता, त्या जागेच्या आधीच गाडी हळू होत होती.

"डॉक्टर," मी म्हणाले, "पुढचा ब्रेक पूर्ण उघड. फोर्कसकट."

"पुढच्या ब्रेकची तक्रार कुठाय ताई?"

"उघड म्हटलं ना."

पुढचं चाक धरणाऱ्या त्या फोर्कच्या ज्या कानावर ब्रेकचा सगळा भार येतो, त्या ओतीव कानाच्या मुळाशी एक तडा होता. केसासारखा. रंगाखाली लपलेला, रंग खरवडल्यावरच दिसणारा. डॉक्टरने त्यावरून नख फिरवलं आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही. एकदा जोरात ब्रेक दाबला की तो कान तुटणार, ब्रेक चाकात अडकणार आणि चाक जागच्या जागी थांबणार. चाक थांबतं, माणूस थांबत नाही.

गोदामातल्या त्याच बॅचमधल्या गाड्या उघडल्या. बहुतेक सगळ्यांना तो तडा होता.

"हे सुचलं कसं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पॅड झिजले नव्हते सर," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या. मालकांना फोन गेले, निरोप गेले, फोर्क फुकट बदलून मिळणार होता. साहेबांनी त्या कामात स्वतःची झोप घालवली, हे त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे.

पोरगी गाडी न्यायला आली त्या दिवशी मी तिला माझ्या टेबलाशी बसवून चहा दिला. तडा दाखवला. ती बराच वेळ तो लोखंडाचा तुकडा हातात धरून बसली.

"गाडी कोणी घेऊन दिली तुला?"

"बाबांनी. मला नोकरी लागली तेव्हा. ते बस चालवायचे." तिने तुकडा टेबलावर ठेवला. "जोरात ब्रेक लावावा लागला म्हणजे चूक आधीच झालेली असते, असं म्हणायचे. त्यांच्या बसमध्ये उभ्याने चहा प्यायला तरी सांडायचा नाही. गाडी मला त्यांनीच शिकवली. मागे बसून. मग आजारी पडले आणि लवकर गेले."

"ओरडायचे का शिकवताना?"

"छे! तोंडातून शब्द नाही. नुसती डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे. म्हणजे हळू."

मी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि तिला कळलं. नर्स होती, चेहरे वाचणं तिचं रोजचं काम होतं.

"तुम्हालाही?" ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने तोंडावर हात ठेवला आणि ती रडली. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. खांद्यावर ठेवायचा धीर झाला नाही.

"मला वाटायचं मला वेड लागतंय," ती म्हणाली. "म्हणून तक्रार केली. गाडीचा दोष निघाला तर बरं, असं वाटायचं."

नव्या फोर्कची गाडी घेऊन ती गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला.

"मॅडम, गाडी आता हळू होत नाही."

"छान झालं की."

"हो." मागून एका ट्रकचा हॉर्न ऐकू आला. "छानच झालं. तक्रार नाही काही. सांगावंसं वाटलं."

फोन ठेवल्यावर मी डॉक्टरवर उगाचच चिडले. आपण एक जीव वाचवला होता आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर दुसरे फोन सुरू झाले.

पहिला एका शिक्षकाचा होता. परीक्षा चालू असल्यामुळे त्यांना गाडी आणायला वेळ झाला नव्हता. "तुमची गाडी हल्ली मनाने हळू होते," ते म्हणाले. "आणि हसू नका, पण कोणीतरी खांद्याला हात लावतं." मी विचारलं, कुठल्या. डाव्या. मी म्हणाले, गाडी आहे तिथे ठेवा, आम्ही टेम्पो पाठवतो.

मग एक नळदुरुस्तीवाला. मग एक शिंपी, जो म्हणाला, "बायकोला मागे बसवून पाहिलं तर काही होत नाही. ती म्हणते, तुम्हाला काम नकोय, दुसरं काही नाही." सगळ्यांकडे त्याच बॅचमधली गाडी होती. फोर्क बदललेल्या एकाही मालकाचा असा फोन आला नाही. एकाची गाडी आमच्याकडे आली की दुसऱ्याचा फोन यायचा, वेगळ्या गावाहून, वेगळ्या रस्त्यावरून. एका वेळी एकच.

मी पोरीला सांगावं की नाही, यावर खूप डोकं खपवलं. शेवटी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं.

"आज कुठे आहेत?"

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी फोन करायची. मी सांगायचे. आज एका वायरमनबरोबर समुद्राच्या रस्त्याला आहेत. आज एका कॉलेजच्या मुलाबरोबर, तो फार जोरात चालवतो. "मग बाबांचा हात दुखून येईल आज," ती म्हणायची. एकदा ती हसत हसत म्हणाली, "आयुष्यभर एकाच रूटवर बस चालवली हो त्यांनी. एवढं फिरायला आत्ता मिळतंय."

"सगळ्या गाड्या आल्यावर?" मी एकदा न राहवून विचारलं.

"सगळ्या यायलाच पाहिजेत मॅडम," ती म्हणाली. "त्यांच्याही घरी कोणीतरी असेल." पण तिचा आवाज बारीक झाला होता.

शेवटची गाडी एका सुताराची होती. तो परगावी कामाला गेला होता म्हणून सापडायला वेळ लागला. गाडी टेम्पोतून आली. मी तिला फोन केला. ती ड्यूटीवरून तशीच आली, पांढऱ्या बुटांत.

गाडी उघडण्याआधी चाचणीच्या रस्त्यावर एक फेरी मारायची, हा आमचा नियम आहे. मी पुढच्या ब्रेकचा लिव्हर चिकटपट्टीने घट्ट बांधला, चुकूनसुद्धा हात जाऊ नये म्हणून. "पायाचाच ब्रेक," मी तिला बजावलं. "सावकाश जायचं." तिने हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली. मी सवयीने मागे बसायला गेले. सीटवर हात टेकवला.

मग मी हात काढून घेतला आणि बाजूला झाले.

ती निघाली. दारापासून थोडी पुढे गेली असेल, गाडीचं मागचं अंग हळूच खाली बसलं. डॉक्टर माझ्या शेजारी फडकं घेऊन उभा होता. मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. तो बघत राहिला.

मी एक फेरी म्हटलं होतं. तिने अनेक मारल्या. ऊन उतरलं होतं आणि रस्ता सगळा पिवळा झाला होता. वळणावर ती कलायची, सरळ रस्त्याला सरळ व्हायची. हेल्मेटच्या काचेआड तिचे ओठ हलत होते. मी तिला थांबवलं नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं कोणाचं असेल, तर ते बोलून होऊ द्यावं.

शेवटी ती स्वतःच परत वळली. दाराशी येताना वेग अलगद कमी होत गेला. गाडी काट्यावर येऊन उभी राहिली. डॉक्टरने पुढे होऊन मेन स्टँड लावला. त्याने आकडा वाचला नाही.

ती उतरली.

तबकडीवरचा काटा खाली आला आणि मध्येच थांबला.

नुसत्या गाडीचं वजन आम्हाला तोंडपाठ आहे. काटा त्याच्या बराच वर होता. एका माणसाइतका वर. बेताच्या बांध्याच्या.

आमच्यापैकी कोणी हललं नाही. मागच्या बाजूने दुसरी गाडी आली, तिच्या चालकाने हॉर्न वाजवला. या काट्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला घाईघाईने पुढे हाकलणाऱ्या डॉक्टरने हात वर करून त्याला थांबवलं.

"घाई नाही," तो रिकाम्या सीटकडे बघत म्हणाला. "सावकाश उतरा."

शॉकअप उचलला गेला. काटा आपल्या जागी आला. उजवा फूटरेस्ट खटकन मिटला, मग डावा.

पोरीने हेल्मेट काढलं. डोळे वाहत होते, पण चेहरा शांत होता. ती एक पाऊल मागे सरकली, जाणाऱ्याला वाट द्यावी तशी. मी दारात होते. मीही बाजूला झाले.

तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने ते पाहिलं नव्हतं. ती डॉक्टरने दिलेल्या फडक्याने तोंड पुसत होती, आणि तो तिला सांगत होता की फडकं तेलाचं आहे.

माझी नवी गाडी दाराबाहेर सावलीत उभी होती. महिनाअखेर तशा गाड्या बाजारात येणार होत्या.

मी त्या दिवशी चालत घरी गेले. हे म्हणाले, आज आदळली नाहीस. सकाळी डॉक्टर यायच्या आधी मी शेडमध्ये होते.

"एक गाडी उघडायची आहे," मी म्हणाले.

"तक्रार कोणाची आहे ताई?"

मी खिशातून माझी चावी काढून त्याच्या हातात ठेवली.